हिरवी शाई कागदावर कशी वागते: निवड, चाचणी आणि वापर

फाउंटन पेनच्या शायांमध्ये बाटलीतला रंग आणि कागदावर वाळलेला रंग यांत सर्वांत जास्त तफावत आढळते ती हिरव्या शायांमध्ये. निळी शाई थोडी फिकी उतरली तरी ती निळीच राहते. हिरवी मात्र एका कागदावर पोपटी, दुसऱ्यावर शेवाळी आणि तिसऱ्यावर जवळजवळ मोरपंखी दिसू शकते. बहुतेक हिरव्या शाया पिवळ्या आणि निळ्या रंगद्रव्यांच्या मिश्रणातून तयार केलेल्या असतात, हे त्यामागचे मुख्य कारण आहे. कागदाचा मूळ रंग, त्याची शोषकता, निबमधून उतरणाऱ्या शाईचे प्रमाण आणि खोलीतला उजेड यांपैकी काहीही बदलले की त्या दोन रंगांमधला तोल एका बाजूला झुकतो.

म्हणून परदेशी शाईचे नमुनापत्रक किंवा पडद्यावरचे छायाचित्र पाहून हिरवी शाई विकत घेणे मला योग्य वाटत नाही. त्या नमुन्यांवरचा मजकूर बहुधा रोमन लिपीत असतो, कागद उत्तम प्रतीचा असतो आणि निब आपल्या पेनापेक्षा वेगळी असते. आपण ज्या वहीत, ज्या पेनाने आणि ज्या लिपीत रोज लिहितो, तिथेच शाईची पारख करावी. पुढे सांगितलेला क्रम त्यासाठीच आहे.

काय जमवावे

मोठी बाटली घेण्याआधी शक्यतो दोन-चार मिलिलिटरचा नमुना मिळवावा. ओळखीच्या शाईप्रेमीकडून ड्रॉपरभर शाई मागून घेतली तरी सगळ्या चाचण्यांना पुरते. पेन दोन असावेत: एक बारीक निबचा आणि एक मध्यम निबचा. जपानी बनावटीची बारीक निब युरोपीय बारीक निबपेक्षा सहसा अधिक बारीक रेघ काढते, तर आपल्याकडचे ड्रॉपरने भरायचे इबोनाइटचे, म्हणजे कडक रबराचे, पेन बहुधा मोकळ्या हाताने शाई सोडतात, आणि त्यामुळे एकच हिरवी शाई या दोन पेनांत दोन वेगळ्या शाया वाटाव्यात इतकी निराळी दिसते. काचेचा टाक असल्यास पहिल्या नजरेसाठी तो सोयीचा पडतो, कारण तो पाण्यात बुडवून पुसला की लगेच दुसरी शाई घेता येते. मात्र टाकाने रेघ गडद आणि ओली उतरते, त्यामुळे त्यावरून अंतिम निर्णय घेऊ नये.

कागद चार प्रकारचे घ्यावेत. पहिला म्हणजे ७५ जीएसएमचा नेहमीचा झेरॉक्सचा कागद. दुसरा आपल्या रोजच्या वहीचा किंवा फुलस्केप ताव. तिसरा चांगली खळ चढवलेला गुळगुळीत कागद. र्‍होडिया, क्लेअरफोंतेन किंवा तोमोए रिव्हर यांपैकी काहीही चालेल. चौथा हातकागद. पहिले दोन पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. तिथे लेजर पेपरचे सुटे ताव मिळाले तर तेही दोन-चार घ्यावेत, कारण हिशेबाच्या वह्यांसाठी बनवलेला चांगला लेजर पेपर शाईला अनेक महागड्या डायऱ्यांपेक्षा बरा सांभाळतो. हातकागदासाठी शिवाजीनगरची हातकागद संस्था आहे. १९४० साली सुरू झालेल्या या संस्थेत सुती चिंध्यांपासून कागद तयार होतो.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन. जाड कागदावर शाई फुटत नाही हा समज पक्का रुजलेला आहे, पण तो खरा नाही. तोमोए रिव्हर अवघ्या ५२ जीएसएमचा असूनही त्यावर शाई जागच्या जागी राहते, तर त्याच्या दुप्पट वजनाच्या चित्रकलेच्या कागदावर ती चहूबाजूंनी पसरू शकते. खरा फरक पडतो तो खळीमुळे, म्हणजे तंतूंनी पाणी लगेच शोषून घेऊ नये म्हणून लगद्यात मिसळलेल्या किंवा पृष्ठभागावर चढवलेल्या द्रव्यामुळे. आपल्या जुन्या कागदी कारागिरांना हे नेमके ठाऊक होते. कसब्यातल्या कागदीपुऱ्याचे नाव ज्यांच्यावरून पडले, ते कारागीर कागदाला खळ लावून तो दगडाने घोटून गुळगुळीत करत, आणि म्हणूनच बोरूने लिहिलेले मोडी अक्षर त्यावर स्वच्छ उमटे. आजचा न घोटलेला हातकागद दिसायला देखणा असला तरी पातळ हिरवी शाई त्यावर सहज फुटते. पत्र लिहायचे असल्यास आधी एका कोपऱ्यात रेघ ओढून पाहावी.

पहिली पायरी: शाई फासून वाळू देणे

कान साफ करण्याच्या कापसाच्या काडीला शाई लावून चारही कागदांवर बोटभर लांबीचा पट्टा ओढावा. तो थोडा सुकल्यावर त्याच्या दोन-तृतीयांश भागावर दुसरा हात आणि शेवटच्या तृतीयांशावर तिसरा हात द्यावा. अशा पट्ट्यात शाईची सर्वांत फिकी आणि सर्वांत गडद छटा शेजारी-शेजारी दिसते. लेखनात आपल्याला प्रत्यक्षात मिळणारा रंग या दोहोंच्या दरम्यान कुठेतरी असतो.

यानंतर किमान एक रात्र थांबावे. ओली हिरवी शाई नेहमीच अधिक तेजस्वी दिसते. वाळताना पाणी निघून जाते, द्रव्य तंतूंत मुरते आणि रंग मंदावतो किंवा किंचित काळवंडतो. काही शायांत वाळताना निळसरपणा वाढतो, तर काहींत पिवळा वर येतो. दुकानात टाक बुडवून ओढलेली ओली रेघ पाहून बाटली घेणाऱ्यांची निराशा होते ती इथेच.

वाळलेला पट्टा तीन उजेडांत पाहावा: सकाळी खिडकीपाशी, थेट ऊन नसताना, रात्री पांढऱ्या ट्यूबखाली, आणि पिवळ्या दिव्याखाली. पिवळ्या उजेडात मोरपंखी शाई साधी हिरवी वाटू लागते, तर शेवाळी शाई तपकिरीकडे झुकते. कागदाच्या रंगाचा परिणामही याच वेळी तपासावा. पिवळसर कागद प्रत्येक हिरव्या शाईत पिवळेपणाची भर घालतो. उलट, झगझगीत पांढऱ्या कागदात मिसळलेली प्रकाशवर्धक द्रव्ये दिवसाच्या उजेडात निळसर चमक देतात आणि तीच शाई थंड दिसू लागते.

हिरव्यांची कुळे

चाचणीसाठी शाई निवडताना प्रत्येक कुळाचा स्वभाव माहीत असावा. पोपटी-पिवळसर कुळात पायलटच्या इरोशिझुकू मालिकेतली चिकु-रिन येते. बांबूच्या बनावरून नाव घेतलेली ही शाई रुंद निबमध्ये फार सुंदर दिसते, पण बारीक निबमध्ये फिकी पडते. जर्मनीच्या रोहरर अँड क्लिंगनर कंपनीची आल्ट-गोल्डग्र्यून सोनेरी झाक असलेली शेवाळी आहे आणि एकाच अक्षरात फिक्या व गडद छटा दाखवण्यासाठी ती नावाजलेली आहे. सरळ, शाळकरी हिरव्या रंगासाठी पेलिकन ४००१ मधली ब्रिलियंट ग्रीन घ्यावी. गर्द कुळात इंग्लंडच्या डायमाइनची शेरवुड ग्रीन आणि इरोशिझुकूमधली शिन-र्‍योकू या दोन शाया रोजच्या वापराला मला सर्वांत योग्य वाटतात, कारण त्या स्पष्टपणे हिरव्या असूनही वाचायला निळ्या-काळ्याइतक्याच सोप्या आहेत. मोरपंखी कुळातली सर्वांत गाजलेली शाई म्हणजे जे. एर्बँची २०१५ साली आलेली एमराल्ड ऑफ चिव्होर. तिच्यात सोनेरी कण आहेत आणि वर लाल झळाळीही येते. ती शुभेच्छापत्रांची शाई आहे, वर्गातल्या टिपणांची नव्हे.

दुसरी पायरी: देवनागरीत लिहून पाहणे

आपल्या लिपीची ठेवण हिरव्या शाईची जी कसोटी घेते, ती रोमन अक्षरांत होत नाही. त्यामुळे ही पायरी टाळून पुढे जाऊ नये. चारही कागदांवर दोन्ही पेनांनी, नेहमीच्या वेगाने, पुढील वाक्य लिहावे: ‘वर्षाऋतूत घाटमाथ्यावरच्या धुक्यातून संथ चालत भीमाशंकर गाठावे आणि गर्द झाडीतून मंदिराकडे वळावे.’ या वाक्यात शाईचे दोष उघडे पाडणारी बहुतेक अक्षरे आलेली आहेत.

प्रथम अनुस्वार पाहावेत. आपल्या डोळ्याला हिरवा-पिवळा प्रकाश सर्वांत उजळ भासतो. ही संवेदनशीलता ५५५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते. याचा लेखनातला परिणाम असा की पोपटी शाईची रेघ, तितक्याच जाडीच्या निळ्या रेघेच्या तुलनेत, पांढऱ्या कागदातून कमी उठून दिसते. लांब रेघ डोळा तरीही पकडतो, पण टिंब निसटते. ‘संथ’, ‘शंकर’, ‘मंदिर’ यांतली टिंबे हातभर अंतरावरून डोळे न ताणता दिसली पाहिजेत. ‘वर्षा’ आणि ‘गर्द’ यांतल्या रफाराचे बारीक टोकही तसेच तपासावे. टिंब हरवत असेल तर शाई बदलण्याआधी निब एक आकाराने रुंद करून पाहावी. अनेकदा तेवढ्यानेच काम होते.

त्यानंतर ध, भ आणि थ पाहावेत. या तिन्ही अक्षरांत डावीकडची गाठ सुटी असते आणि तिच्यावर शिरोरेषा तोडलेली असते. घ, म आणि य यांवर ती सलग असते. मऊ कागदावर शाई फुटली की ही गाठ भरून जाते, तोडलेली जागा बुजते आणि ‘धुके’ व ‘घुके’ यांतला फरक संदर्भावर सोडावा लागतो. ही चूक भिंगाशिवाय दिसते आणि एकदा दिसली की त्या शाईची व त्या कागदाची जोडी बाद करावी. शाई वाईट नसते, कागदही कदाचित वाईट नसतो. दोघे एकमेकांसाठी नाहीत इतकेच.

शिरोरेषेचे वर्तन सर्वांत लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. आपल्यापैकी बहुतेक जण शब्द पूर्ण करून मग वरची रेघ ओढतात. ती रेघ प्रत्येक कान्याला आणि प्रत्येक उभ्या दांड्याला जिथे छेदते, तिथे शाईचा दुसरा थर बसतो. छटाभेद असलेल्या शाईत, उदाहरणार्थ आल्ट-गोल्डग्र्यूनमध्ये, ही शिरोरेषा दोऱ्यात ओवलेल्या गडद मण्यांसारखी दिसते: मधली रेघ सोनेरी-फिकी आणि प्रत्येक सांध्यावर शेवाळी थेंब. काहींना हे आवडते, काहींच्या डोळ्यांना ते त्रास देते; पानभर मजकूर लिहून मगच ठरवावे. पेन फार ओला असेल तर सांध्यावरचा थेंब खाली घसरून दांडा जाड करतो. अशा वेळी एक तर कमी प्रवाहाचा पेन घ्यावा, किंवा शिरोरेषा प्रत्येक शब्दानंतर लगेच न ओढता ओळ संपल्यावर ओढून पाहावी. शिरोरेषा न देता लिहिणाऱ्यांना छटाभेद उभ्या दांड्यांच्या खालच्या टोकाशी दिसेल, कारण निब उचलण्याच्या क्षणी शाई तिथे साठते.

तिसरी पायरी: फुटणे, उमटणे, वाळणे

शाई फुटणे म्हणजे ती तंतूंच्या वाटेने आडवी पसरणे, आणि पाठीमागे उमटणे म्हणजे ती कागदाच्या आरपार जाणे. हे दोन्ही दोष वेगळे आहेत. एखादा कागद कडा स्वच्छ ठेवतो, पण मागचे पान वाया घालवतो. कागद उजेडासमोर धरून मागची अक्षरे केवळ दिसत असतील तर तो कागदाचा पातळपणा आहे. मागे ठिपके उमटले असतील तरच शाई आरपार गेली असे समजावे. फिक्या हिरव्या शाईत मागचे ठिपके कमी जाणवतात. दोन्ही बाजूंनी लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना गर्द हिरव्यापेक्षा मध्यम हिरवी सोयीची पडते ती यामुळे.

वाळण्याचा वेळ मोजण्यासाठी एकाखाली एक पाच रेघा ओढाव्यात आणि प्रत्येक रेघेवरून अनुक्रमे ५, १०, २०, ३० आणि ६० सेकंदांनी बोट फिरवावे. झेरॉक्सच्या कागदावर शाई लवकर वाळते, तर तोमोए रिव्हरसारख्या कागदावर मोकळ्या निबची गडद शाई एक मिनिटानंतरही बोटाला लागू शकते. डावखुऱ्या व्यक्तींनी ही चाचणी सर्वांत आधी करावी. टिपकागद जवळ ठेवणे हा जुना उपाय आजही उत्तम आहे, पण टिपकागद दाबल्याने वरचा थर निघून जातो आणि हिरवा रंग एक छटा फिका राहतो, हे लक्षात असू द्यावे.

झळाळी, म्हणजे विशिष्ट कोनातून हिरव्या अक्षरांवर दिसणारी तांबडी चमक, हा याच वाळण्याचा परिणाम आहे. शाईतले द्रव्य दाट असेल आणि कागदाने ते आत ओढून घेतले नाही, तर ते पृष्ठभागावरच सुकून चकाकणारा पापुद्रा बनवते. सेलरची तोकिवा-मात्सू ही हिरवी शाई या चमकेसाठी ओळखली जाते. झेरॉक्सच्या कागदावर ती चमक जवळपास दिसणार नाही, त्यामुळे झळाळीसाठी महाग शाई घ्यायची असेल तर आधी कागदाचा विचार करावा. शिवाय झळाळणारा थर वाळल्यानंतरही घामट बोटाने पुसला जातो.

चौथी पायरी: रंग वेगळे करून पाहणे

पांढऱ्या टिपकागदाची किंवा कॉफी गाळण्याच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी कापावी. खालच्या टोकापासून दोन सेंटिमीटरवर शाईची आडवी रेघ ओढून ती वाळू द्यावी आणि पट्टीचे टोक पाण्यात असे टेकवावे की पाणी रेघेला थेट लागणार नाही. पाणी वर चढू लागले की रेघेतले रंग आपापल्या वेगाने निघतात. दहा-पंधरा मिनिटांत पट्टीवर बहुधा निळ्या-आकाशी आणि पिवळ्या रंगाचे वेगळे पट्टे दिसतात. मऊ कागदावर फुटलेल्या हिरव्या अक्षराभोवती वेगळ्याच रंगाची कड का दिसते, याचे उत्तर या पट्टीत मिळते. रेघ जागेवरून हललीच नाही, तर शाई घन रंगकणांची असल्याचा तो संकेत आहे आणि अशी शाई पेनात भरताना काळजी घ्यावी लागेल.

पाणी आणि ऊन

वाळलेल्या मजकुरावर पाण्याचा एक थेंब अर्धा मिनिट ठेवून टिपून घ्यावा. नेहमीच्या हिरव्या शायांतले रंग पाण्यात विरघळणारे असतात, त्यामुळे थेंबाखाली फिका डाग उरतो आणि मजकूर कधी कधी पूर्ण नाहीसा होतो. टिकाऊपणा हवा असेल तर दोन मार्ग आहेत. द अत्रामेंटिसच्या डॉक्युमेंट मालिकेतली हिरवी शाई पाण्याला दाद देत नाही. प्लॅटिनमची क्लासिक फॉरेस्ट ब्लॅक ही लोहयुक्त शाई आहे. ती लिहिताना हिरवी असते आणि हवेशी संयोग होऊन काळपट होत जाते.

उन्हाच्या चाचणीसाठी लिहिलेल्या पट्टीचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकून ती पश्चिमेच्या खिडकीत महिनाभर चिकटवून ठेवावी. मिश्रणातला जो रंग दुबळा असेल तो आधी उडतो. म्हणून काही हिरव्या शाया उन्हात पिवळसर, तर काही निळसर होतात. पेशवे दप्तरातली काजळाच्या शाईची कागदपत्रे आजही वाचता येतात, कारण काजळाला ना पाणी विरघळवते ना ऊन उडवते. साध्या हिरव्या शाईकडून तशी अपेक्षा ठेवू नये आणि जपून ठेवायचा मजकूर तिने लिहू नये.

पुण्याची हवा

जुलै-ऑगस्टमध्ये कागद हवेतला ओलावा धरतो आणि उन्हाळ्यात ठीक वागलेली तीच वही शाई फोडू लागते. वह्या बंद कपाटात ठेवल्याने आणि पावसाळ्यापुरती बारीक निब वापरल्याने बराच फरक पडतो. एप्रिल-मेमध्ये उलट घडते: कोरड्या हवेत निब उघडी राहिली की टोकाशी शाई सुकते, आणि सैल टोपणाच्या पेनातले पाणी हळूहळू उडून शाई दाट होते. आठवडाभर पडून राहिलेल्या पेनातून पहिल्या काही ओळी नेहमीपेक्षा गडद उतरतात त्या यामुळे. म्हणून कोणत्याही शाईची चाचणी ताज्या भरलेल्या पेनाने करावी आणि एकदा पावसाळ्यात, एकदा उन्हाळ्यात करावी.

पेनाची निगा

साधी हिरवी शाई कोमट नव्हे, तर साध्या गार पाण्याने धुवावी. निब आणि फीड, म्हणजे निबखालचा तिला शाई पोचवणारा खाचांचा भाग, पाण्यात भिजत ठेवून, पाणी स्वच्छ येईपर्यंत कन्व्हर्टरने, म्हणजे पेनातल्या शाई ओढण्याच्या नळीने, ओढून सोडावे. बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी फीडच्या बारीक खाचांत क्षार सोडू शकते, म्हणून शेवटचा हात गाळलेल्या पाण्याचा द्यावा. सोनेरी कणांच्या शाया पारदर्शक किंवा जुन्या, मोलाच्या पेनात भरू नयेत. कणयुक्त किंवा लोहयुक्त शाई पेनात वाळू देऊ नये; पेन रोज वापरात नसेल तर तो पंधरा दिवसांत रिकामा करून धुवावा. पिवळी शाई ज्या पेनात भरायची आहे त्यात आधी हिरवी असेल, तर फीड रात्रभर भिजवावे, अन्यथा पहिल्या भरणीचा रंग पोपटी निघेल.

कुठे वापरावी, कुठे टाळावी

राजपत्रित अधिकाऱ्याची सही हिरव्या शाईत असते, हा समज सर्वत्र रुजलेला आहे. केंद्र सरकारच्या कार्यालयीन कार्यपद्धतीत मात्र हिरवी किंवा लाल शाई सहसचिव व त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यांपुरती आणि तीही क्वचित प्रसंगांसाठी राखलेली आहे. सरकारी अर्ज निळ्या किंवा काळ्या शाईनेच भरावेत. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांनाही तेच लागू होते. धनादेश आता प्रतिमेच्या रूपाने वटवले जातात आणि ती प्रतिमा करड्या व कृष्णधवल छटांत घेतली जाते. पोपटी शाईतली रक्कम अशा प्रतिमेत पुसट दिसू शकते. तपासणीच्या खुणा, मुद्रितशोधन, वाचनाची टिपणे, रोजनिशी आणि खासगी पत्रे यांना मात्र हिरव्याइतकी शोभणारी दुसरी शाई नाही: मूळ काळ्या मजकुरापासून ती लगेच वेगळी ओळखू येते आणि लाल शाईसारखी अंगावर येत नाही.

प्रत्येक शाईसाठी पोस्टकार्डाच्या आकाराचे एक कार्ड करावे. पुढच्या बाजूला फासलेला पट्टा आणि भीमाशंकरचे वाक्य, मागच्या बाजूला पेन, निब, कागद, वाळण्याचा वेळ आणि चाचणीचा महिना लिहावा. कार्डे बंद डब्यात, उजेडापासून दूर ठेवावीत, म्हणजे पुढची बाटली घेताना तुलनेसाठी हाताशी असलेला रंग उडालेला नसेल.